परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय : कोर्स, व्हिसा आणि बाकीच्या भानगडी

कागदी_होडी :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारून टाकते.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. सध्या एका कंपनीत हिशेब बघते. काम वाईट नाही, पण निवृत्तीपर्यंत हेच करत बसायचं म्हटलं की अंगावर येतं. इंग्रजी चांगलं आहे, शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीतूनच झालं. ऑफिसातल्या नव्या मुलांची पत्रं मीच तपासून देते, आणि कुठे काय चुकलं ते समजावून सांगायला मनापासून आवडतं. तर परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायची नोकरी करावी असं डोक्यात आहे. वय तिशीच्या आतबाहेर, मागे फारसा व्याप नाही.

नेटवर शोधलं तर कोर्सच्या जाहिरातींचा नुसता पूर. टेफल, टेसॉल, सेल्टा, ट्रिनिटी, '१२० तास, घरबसल्या, प्रमाणपत्र लगेच हातात'. यातला कुठला करावा? शिवाय आपण 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारे, नाही, मग दारात तरी उभं करतील का? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कोर्स विकणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत, उत्तर मिळणार नाही.

बाराखडी :
'कुठला कोर्स' हा खरं तर तिसरा प्रश्न. पहिला, कुठल्या देशात जायचं? दुसरा, तुमच्या पासपोर्टावर आणि तुमच्या पदवीवर तो देश या कामाचा व्हिसा देतो का? या दोन्हींची उत्तरं मिळाली की कोर्स आपोआप ठरतो. आधी कोर्सचे पैसे भरून मग नकाशा उघडणारे खूप पाहिलेत, त्यांची प्रमाणपत्रं छान फ्रेम होऊन भिंतीवर आहेत.

आता नावांचा गोंधळ. टेफल आणि टेसॉल ही कुठल्या एका परीक्षेची नावं नाहीत, परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या या कामाची नावं आहेत. त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. उद्या तुम्ही आणि मी मिळून 'टेफल प्रमाणपत्र' छापून विकायला बसलो तर कोणी हटकणार नाही. म्हणून जाहिरातीत 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं लिहिलेलं दिसलं की मान्यता नेमकी कुणाची, एवढं विचारायचं.

ज्यांची नावं बघून संस्था पुढचं पान उलटत नाहीत असे दोनच. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल. दोन्ही ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत पाचव्या पातळीवर बसतात. सेल्टा म्हणजे किमान १२० तास, त्यात ६ तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवायचं, तेही किमान दोन वेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. मागे बसून ट्रेनर टिपणं काढत असतो. आणखी ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, ४ लेखी असाइनमेंट द्यायच्या. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत उरकतो आणि त्या काळात दुसरं काहीही करता येत नाही. आता ऑनलाइनही करता येतो, पण त्यातही विद्यार्थी खरेच असतात.

घरबसल्या मिळणाऱ्या १२० तासांच्या कोर्समध्ये आकडा तोच असतो. तुमच्यासमोर एकही विद्यार्थी बसत नाही, एवढाच फरक. काही देशांत व्हिसाच्या अर्जावर खूण करायला तो पुरतो. वर्गात उभं राहायला पुरत नाही.

तिरका_डोळा :
परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणार म्हणजे साहेबालाच बाराखडी गिरवायला लावणार की काय? (बाराखडी, तुमच्याबद्दल नाही हो.)

बाराखडी :
@तिरका_डोळा, साहेबाच्या देशात नाही, बाकीच्या जगात. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे निर्वासितांना आणि स्थलांतरितांना शिकवणारे लागतात, पण ते काम बहुतेक तिथल्याच रहिवाशांना मिळतं, या नोकरीसाठी बाहेरून माणूस आणण्याचं त्यांना कारण नसतं. मागणी आहे ती पूर्व आशिया, आग्नेय आशिया, आखात, लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप इथे.

सातासमुद्रापार :
वाचतोय. मी सध्या हाच धंदा करतोय (व्हिएतनाम), आधी थायलंडमध्ये होतो. माझ्या माहितीतलं देशवार सांगतो. पण नियम दरवर्षी कुठे ना कुठे बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीचं पान स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडून ऐकलेल्यावर तिकीट काढू नका.

कोरिया : इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही झकास असो, खिडकीवरचा माणूस आधी पासपोर्टाचा रंग बघतो. भारत-कोरियातला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार २०१० पासून लागू आहे, त्यात भारतीय सहायक इंग्रजी शिक्षकांसाठी दार किलकिलं ठेवलंय, पण त्याला शिक्षकाची पात्रता लागते. नुसत्या वाणिज्य पदवीवर ते दार उघडत नाही.

चीन : तिथेही कामाचा परवाना देताना मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशाचं नागरिकत्व हाच साधारण नियम. अपवाद ऐकू येतात. 'आधी टूरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू' म्हणणाऱ्या शाळाही ऐकू येतात. त्यांच्या नादी लागू नका. पकडले गेलात तर दंड, कोठडी आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला, शाळा हात झटकून मोकळी.

थायलंड : इथे फिलिपिनो शिक्षकांची मोठी फौज आहे, भारतीयही भेटतात. नेटिव्ह नसाल तर टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात. टोइकचे ६०० ही नेहमीची पायरी, आणि शाळा-कॉलेज इंग्रजीतून झालेल्याला ती चढायला त्रास पडू नये. शाळेत शिकवायचं तर त्यांच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, ती शाळेने मागायची असते. एकाच शाळेत, एकाच कामाला, गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि आपल्याला कमी पगार, हे उघडउघड चालतं. जाहिरातीतच दोन आकडे छापलेले असतात. आधीच सांगितलेलं बरं.

व्हिएतनाम : कुठल्याही विषयातली पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलीस दाखला, आरोग्य तपासणी. वर्क परमिटला ही कागदं लागतातच, आणि तेही शाळेने मनावर घेतलं तर निघतं. भाषाकेंद्रांमध्ये मुख्य काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. म्हणजे जग फिरायला बाहेर पडतं तेव्हा तुम्ही सात वर्षांच्या पंधरा मुलांसमोर माकडाचा मुखवटा घालून उभे.

जपान : यावर वेगळं लिहितो, कारण कागदी_होडींच्या बाबतीत तिथे एक गंमत आहे.

शब्दवेडी :
+१. सातासमुद्रापार, जपानबद्दल लवकर लिहा. वाचनखूण साठवली आहे.

काळा_फळा :
आखाताचं मी सांगते, तिथे बरीच वर्षं काढलीत.

आखातात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक शाळेची. तिथे बी.एड. आणि आपल्याकडचा शाळेतला अनुभव विचारतात, सेल्टाला फारसं कोणी ओळखत नाही. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे ढिगाने आहेत, त्यामुळे पासपोर्टाची अडचण येत नाही. दुसरी वाट विद्यापीठांच्या पायाभूत वर्षाची. मुलं शाळेतून अरबीत शिकून येतात, पुढचं इंजिनिअरिंग किंवा वैद्यकीय इंग्रजीत असतं, म्हणून मधलं एक वर्ष नुसतं इंग्रजी. त्या नोकऱ्यांना एम.ए. (इंग्रजी, भाषाविज्ञान किंवा टेसॉल), वर सेल्टा किंवा डेल्टा, आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. डेल्टा म्हणजे त्याच केंब्रिजची वरची पायरी, सातव्या पातळीची. पगार चांगला, घर मिळतं, सुट्ट्या लांबलचक. पण पदवी वाणिज्य शाखेची आणि अनुभव कोरा असेल तर ही वाट आज तरी तुमची नव्हे. पाच-सहा वर्षांनी एम.ए. करून याल तेव्हा बघा.

तिरका_डोळा :
म्हणजे सारांश असा की कोरिया नाही, चीन नाही, आखात नाही. बाई, हिशेबच बघा.

झुळूक :
तिरकेराव, जरा दमानं घ्या.

मी सेल्टा केलाय, त्याबद्दल लिहिते. कारण कोर्सच्या माहितीपत्रकात जे नसतं तेच मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इंग्रजी येणं आणि इंग्रजी शिकवता येणं यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे हे तिथे पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक नमुना देते. मध्यम पातळीच्या खालचा वर्ग, विषय 'यूज्ड टू'. शिकवणारा माझ्याच बॅचमधला, इंग्रजी अस्खलित. त्याने फळ्यावर वाक्य लिहिलं, 'आय यूज्ड टू स्मोक'. मग नियम सांगितला, आणखी चार वाक्यं लिहिली, आणि वळून विचारलं, 'समजलं का?' सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रेनर मागून काही बोलली नाही. मुलांना आपापली वाक्यं लिहायला दिली तेव्हा निम्म्या वर्गाने लिहिलं की मला रोज सकाळी पळायची सवय आहे. म्हणजे वाक्यरचना बरोबर आणि अर्थ साफ उलटा.

वर्ग संपल्यावर ट्रेनरने एवढंच सांगितलं की 'समजलं का' हा प्रश्न या खोलीत पुन्हा ऐकू येता कामा नये. त्याऐवजी विचारायचं, हा माणूस पूर्वी सिगरेट ओढायचा का? हो. आता ओढतो का? नाही. एकदाच ओढली की नेहमी ओढायचा? नेहमी. तीन बारके प्रश्न, एका शब्दाची उत्तरं. ज्याचं उत्तर चुकतं त्याला समजलेलं नाही, आणि ते तुम्हाला तिथल्या तिथे दिसतं. यांना कॉन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स म्हणतात. रात्री दीड वाजता उद्याच्या पाठासाठी हे प्रश्न लिहीत बसणं म्हणजे सेल्टा, असं मी लोकांना सांगते.

दुसरी गोष्ट बडबडीची. आपण ज्या पद्धतीत शिकलो तिथे शिक्षक बोलतो आणि मुलं उतरवून घेतात. इथे तुम्ही तासातली किती मिनिटं बोललात ते ट्रेनर घड्याळ लावून मोजते. सूचना द्यायची ती तीन छोट्या वाक्यांत, कागद वाटायच्या आधी. कागद हातात पडला की कोणी तुमच्याकडे बघत नाही. चुकून आपली नेहमीची 'एनी डाउट्स?' तोंडून गेली की त्यावरही टिपण येतं.

नापास होणारे थोडे असतात, कारण मुलाखतीतच चाळणी लागते. बहुतेकांच्या पदरात साधा 'पास' पडतो, थोड्यांना 'पास बी', 'पास ए' अगदी क्वचित. नोकरी देणारा श्रेणीपेक्षा ट्रेनरचा शेरा वाचतो.

बाराखडी :
झुळूक, सुंदर लिहिलंत. यात ट्रिनिटीची भर घालतो. त्यांच्या कोर्समध्ये एक भाग असा असतो की तुम्हाला बिलकुल न येणारी भाषा तुम्हालाच ४ तास शिकवतात, त्याच भाषेतून. आमच्या वेळी हंगेरियन होती. बाई आत आल्या, एक शब्द इंग्रजी नाही. पेन्सिल उचलून दाखवली, एक आवाज काढला, कानाला हात लावून आमच्याकडे बघत राहिल्या. सगळे शिकले-सवरलेले, आणि कोणाच्या तोंडून धड आवाज निघेना. शेजारचा बरोबर बोलला म्हणून मनातल्या मनात त्याचा राग आला. त्यानंतर वर्गातल्या गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याला 'ढ' म्हणायची हिंमत होत नाही. नंतर त्या तासांची रोजनिशी लिहून द्यायची असते, त्यावर मूल्यमापन होतं.

निवांत_पाटी :
जरा वेगळा मुद्दा. हे सगळं 'नेटिव्ह' प्रकरण मला कायम खटकत आलंय. जन्मल्यापासून बोलतो म्हणून शिकवता येतं हे कुठलं तर्कशास्त्र? मग मराठी बोलणारा प्रत्येक माणूस परक्याला मराठी शिकवू शकेल. 'घर'चं 'घरात' होतं पण 'झाड'चं 'झाडात' आणि 'झाडावर' दोन्ही कसं, हे शेजाऱ्याला विचारून बघा, भांडणच होईल.

बाराखडी :
@निवांत_पाटी, यावर अभ्यासकांनी रान उठवलंय. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये याला सरळ 'नेटिव्ह स्पीकर फॅलसी', म्हणजे नेटिव्हच उत्तम शिक्षक हा भ्रम, म्हटलं. त्याआधी १९८५ च्या सुमाराला ब्रज कचरू यांनी तीन वर्तुळांची मांडणी केली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, त्याबाहेर भारत, नायजेरिया, सिंगापूर असे देश जिथे इंग्रजी मातृभाषा नसली तरी शिक्षण, कोर्ट, कारभार त्यात चालतो, आणि सगळ्यात बाहेर चीन-जपान-ब्राझील जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. कचरूंचं म्हणणं, दुसऱ्या वर्तुळातल्या इंग्रजीला स्वतःचं व्याकरण आणि स्वतःची ठेवण आहे, तिला बिघडलेली इंग्रजी समजू नका. पटण्यासारखं आहे. फक्त व्हिसाच्या खिडकीवर हा युक्तिवाद चालत नाही.

वर्गात मात्र आपली बाजू खरोखर भक्कम असते, हे मी अनुभवाने सांगतो. मराठीत 'अ, ॲन, द' नाहीत. ते कुठे लावायचे हे आपण डोकं लावून शिकलो, म्हणून जपानी किंवा रशियन विद्यार्थी कुठे अडखळणार ते आपल्याला आधी दिसतं. त्यांच्याही भाषेत आर्टिकल नाहीत. लंडनचा माणूस म्हणतो, 'कानाला असं बरं लागतं'. विद्यार्थ्याच्या कानाला ते अजून बरं लागत नाही, म्हणून तर तो फी भरून आलाय.

तिरका_डोळा :
आणि उच्चार? आपला 'ट' आणि 'ड' ऐकून पालक पैसे परत मागणार नाहीत?

सातासमुद्रापार :
मुलाखतीत तुमची दहा मिनिटं उच्चारावरच जातात, हे खरं. पण अमेरिकन हेल ओढून बोलायच्या भानगडीत पडू नका, तो पाचव्या वाक्याला सुटतो आणि मग दोन्हीकडून हसं होतं. सावकाश, शब्दाचा आघात योग्य जागी, 'व्ह' आणि 'डब्ल्यू' वेगळे ऐकू येतील असं बोला. पुरतं.

वर्गात तर प्रश्न विद्यार्थ्यांच्या उच्चाराचा असतो, आणि तो देशागणिक वेगळा. व्हिएतनामी मुलं शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतात. 'लाइक', 'लाइट', 'लाइफ' तिन्ही 'लाय'. अरबीत 'प' नाही म्हणून 'पार्क'चं 'बार्क' होतं. स्पॅनिश बोलणारा 'स्कूल'च्या आधी 'ए' लावतो. जपानी जिभेला दोन व्यंजनं एकमेकांना चिकटलेली सोसत नाहीत, ती मध्ये स्वर घालते. ज्या देशात जायचं तिथल्या भाषेची एवढी तोंडओळख करून घेतलीत तर पहिल्या महिन्यातच तुमचं नाव होईल. आपल्याला तोंडाच्या आत जीभ कुठे टेकते हे वर्णमालेमुळे लहानपणीच शिकवलेलं असतं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य. माझ्या कॅनेडियन सहकाऱ्याला हे मुद्दाम कोर्समध्ये शिकावं लागलं.

आता जपान. सरकारी जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे, सहायक शिक्षक म्हणून शाळेत ठेवतात, दरवर्षी करार वाढवत जास्तीत जास्त ५ वर्षं. पण कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची ते तेच ठरवतात, त्यावर फार भिस्त ठेवू नका. खासगी कंपन्याही शाळांना सहायक शिक्षक पुरवतात. शाळेत शिकवण्यासाठी जो 'इन्स्ट्रक्टर' दर्जाचा व्हिसा असतो, त्यात पासपोर्टाच्या रंगाऐवजी एक वेगळी अट आहे : जी भाषा शिकवणार त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. कागदी_होडी, तुमचं शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीतून झालंय म्हणालात ना? मग ही अट तुम्ही पुरी करता. फक्त ते सिद्ध करावं लागतं. शाळेकडून आणि कॉलेजकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं लेटरहेडवर, वर्षं घालून, सहीशिक्क्यानिशी लिहून आणा. शाळा बंद पडली असेल किंवा मुख्याध्यापक सुट्टीवर असतील तर याच एका कागदाला महिने लागतात.

कागदी_होडी :
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. जपानचं हे मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नव्हतं.

ऑनलाइन शिकवण्याबद्दल कोणी सांगेल का? इथूनच सुरुवात करून बघावी असंही वाटतंय.

रात्रपाळी :
ते माझं क्षेत्र. पूर्वी याला बरकत होती. चिनी कंपन्या परदेशातल्या शिक्षकांना घरबसल्या चिनी मुलांना शिकवायला लावायच्या, हजारो लोकांचं घर त्यावर चालायचं. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने 'दुहेरी ओझं कमी करा' या धोरणाखाली शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली आणि देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेणंही थांबवलं. काही आठवड्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मुलं झोपलेली असताना उठून हेडफोन लावणारी आमची जमात एका फटक्यात मोकळी झाली.

आता जे मंच उरलेत तिथे तुम्ही स्वतःचं दुकान मांडता. दर तुम्ही ठरवता, मंच त्यातून दलाली कापतो, काही ठिकाणी पहिल्या चाचणी-तासाचे सगळेच पैसे त्यांचे. सुरुवातीला परीक्षणं नसतात म्हणून दर पाडावा लागतो. 'संभाषणाचा सराव' म्हणून नाव टाकलंत तर गर्दीत हरवाल. तुम्ही हिशेबातल्या आहात, तर 'लेखापालांसाठी इंग्रजी' असं टाका : लेखापरीक्षकाशी बोलणं, बॅलन्सशीटवर प्रेझेंटेशन, ईमेल. मोठी माणसं येतात, वेळेवर येतात, गृहपाठही करतात. व्यवसायापुरतं इंग्रजी शिकवणाऱ्यांत स्वतः त्या व्यवसायात राहिलेले फार कमी. तुमची वाणिज्य शाखा इथे पहिल्यांदा कामाला येईल.

काळा_फळा :
रात्रपाळीला +१. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विद्यापीठाबाहेर, तेलकंपन्या आणि बँकांच्या प्रशिक्षण विभागातही असे लोक घेतात.

शब्दवेडी :
करारात काय बघायचं तेही कोणीतरी लिहा ना. माझी मैत्रीण एका ठिकाणी फसली होती, पासपोर्टच ठेवून घेतला होता तिचा.

सातासमुद्रापार :
पासपोर्ट ठेवून घेणं बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. व्हिसाच्या कामापुरता द्यायचा, पावती घ्यायची, काम झालं की परत मागायचा.

करारात सगळ्यात फसवी ओळ 'आठवड्याला २५ तास'. ते शिकवण्याचे तास की हजेरीचे? २५ शिकवण्याचे तास असतील तर तयारी, तपासणी, पालकांचे फोन धरून चाळिशी सहज ओलांडते. पगार सुट्टीच्या महिन्यात मिळतो का, घर देणार तर एकट्याला की वाटून, मधेच सोडलं तर दंड किती, व्हिसा आणि परमिटचा खर्च कोणाचा, हे सगळं कागदावर हवं. 'तोंडी ठरलंय' याला अर्थ नाही.

कोरियातल्या खासगी शिकवणी-वर्गांची, म्हणजे हागवनची, एक जुनी तक्रार आहे. तिथल्या कायद्याने वर्ष पुरं केलं की महिन्याच्या पगाराएवढी रक्कम निरोपाची द्यावी लागते. मग काही मालक अकराव्या महिन्यात शिक्षकात काहीतरी खोट काढून त्याला घरी पाठवतात. तुम्ही कोरियाला जात नसाल, पण चलाखी सगळीकडची सारखीच, म्हणून करारात मुदतीआधी काढण्याचं कलम दोनदा वाचा.

आणि नोकरी मिळवून द्यायचे पैसे शिक्षकाकडून घेणारा एजंट टाळा. नीट काम करणाऱ्या एजंटाला शाळा पैसे देते. सही करण्यापूर्वी त्याच शाळेतल्या सध्याच्या एखाद्या शिक्षकाशी बोलू द्या म्हणा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

तिरका_डोळा :
मघाशी चेष्टा केली, पण एक सल्ला मनापासून देतो. नोकरी सोडायच्या आधी काही महिने कुठेतरी फुकट शिकवून बघा. सामाजिक संस्था असतात, वाचनालयं असतात. ऑफिसातली चार हुशार मुलं आणि अभ्यासाची बिलकुल इच्छा नसलेली तीस मुलं यांत फार अंतर आहे. माझ्या बायकोने शिक्षकी केलीय म्हणून सांगतोय. संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा आणि मला तोंड उघडायची बंदी.

झुळूक :
तिरकेराव पहिल्यांदाच सरळ बोलले. सेल्टाच्या मुलाखतीतही हे विचारतात की कधी कोणाला शिकवलंय का. अनुभवाची अट नसते, पण सांगायला काही असलं तर बोलणं पुढे सरकतं. मुलाखतीआधी भाषेची एक चाचणी घरी सोडवायला देतात. दोन वाक्यांतला फरक समजावा, विद्यार्थ्याची चूक कुठली आणि का, अशा धर्तीची. त्यासाठी काळ आणि मोडल क्रियापदं ('कॅन', 'मस्ट', 'शुड' वगैरे) पुन्हा एकदा नीट वाचून ठेवा.

कागदी_होडी :
ठरवलं असं : नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारी एका संस्थेत शिकवायचं, सोबत रात्रपाळी म्हणाले तसं हिशेबनीसांसाठी ऑनलाइन. शाळेचं माध्यम-पत्र आत्तापासून मागायचं. सेल्टा अर्धवेळ, पुढच्या वर्षी. जपानचं जमलं तर जपान, नाहीतर व्हिएतनाम.

एकच शंका राहिली. पदवीच्या कागदांना अपोस्टील (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागतं म्हणतात, ते कधी करायचं? आणि पोलीस दाखलाही आत्ताच काढून ठेवू का?

काळा_फळा :
पोलीस दाखला मुळीच नको. तो ताजा लागतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला. नोकरी हातात आल्यावर काढा. पदवीचं अपोस्टील आधी केलं तरी चालतं. अपोस्टीलचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत २००५ पासून त्यात आहे, जपान आणि कोरियाही आहेत. तिथे आपल्या परराष्ट्र खात्याचा तो एक शिक्का पुरतो. अमिरातीसारखे देश करारात नाहीत, तिथे वकिलातीचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो. म्हणून देश पक्का झाल्यावरच पैसे घाला. कागदांवरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते मात्र आजच बघा.

कागदी_होडी :
नाव जुळतंय. पण पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी तेव्हाच कौतुकाने लॅमिनेट करून आणलं होतं. त्यावर शिक्का कसा बसणार?

काळा_फळा :
नाही बसणार. लॅमिनेशन काढायला जाऊ नका, शाई त्याच्यासोबत निघते. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा, सोमवारीच. माझ्या एका सहकाऱ्याची प्रत यायला नोकरीच्या मुलाखतीपेक्षा जास्त वेळ लागला होता.